ठोकळगावचा शेळीचोर

“ही बातमी तुमची?”

मी मान वर केली. टेबलापलीकडे कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला होता. पडद्यावर मथळा होता: ‘अट्टल शेळीचोर पुन्हा जेरबंद, महिला फौजदारांची धडक कारवाई’. खाली माझं नाव होतं.

बातमी माझीच होती. मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात जिल्हा पान बघायचो. पण ही बातमी त्या दैनिकात आलेली नव्हती.

“बसा,” मी म्हणालो. “आपण?”

“भूपाल मगदूम. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त.” ते बसले नाहीत. “आरोपी अभिनंदन चौगुले. राहणार?”

“कराड.”

“व्यवसाय?”

“साखर कारखान्यात केमिस्ट आहे.”

“केमिस्ट असून शेळ्या चोरतो?”

“एकच शेळी होती,” मी म्हणालो. बातमीत चूक काढलेली मला चालत नसे.

“आणि फौजदार कोण?”

“शर्वरी मगदूम,” मी म्हणालो, आणि आडनाव उच्चारल्यावर थांबलो.

“माझी मुलगी. बियाण्यांच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे. पोलिसात नाही. परवा जेवताना म्हणाली, आबा, मला अभिनंदनशी लग्न करायचंय. म्हटलं, ओळख कशी झाली? तर म्हणते, मी त्याला तीनदा अटक केली.” मोबाइल त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. “हे ठोकळगाव कुठल्या तालुक्यात येतं?”

“कुठल्याच नाही. ते टेबलावर आहे. म्हणजे बऱ्याच जणांच्या टेबलांवर मिळून आहे.”

आता ते बसले.

मी त्यांना समजावून सांगितलं. खाचा असलेले प्लॅस्टिकचे ठोकळे जोडून घरं, गाड्या, पूल बांधण्याचा नाद असलेली आम्ही चाळीसेक माणसं. वयानं सगळी मोठी, नोकरीधंद्यातली. कुणी लातूरला, कुणी चिपळूणला. इंटरनेटवर आमचा एक समूह होता. तिथे आम्ही आपापल्या बांधकामाचे फोटो टाकायचो, आणि त्या सगळ्या फोटोंचं मिळून एक गाव मानलं होतं. गावात प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, बोटभर उंचीचा आपला माणूस तयार करायचा आणि त्याच्या नावानं बोलायचं. मी गावच्या ‘ठोकळगाव समाचार’चा संपादक होतो. दिवसभर खऱ्या बातम्या कापून झाल्यावर खोट्या बातम्या मनासारख्या लांब लिहिता यायच्या.

“नियम काय?” मगदूमांनी विचारलं.

“एकच. बांधलं नाही ते झालं नाही. एखाद्याला वाटलं, गावात पूर आणावा, तर निळे ठोकळे लावून पूर बांधायचा, फोटो टाकायचा. मग पूर आला. नुसतं लिहून पूर येत नाही.”

“हे बरंय,” ते म्हणाले. हा नियम त्यांना आवडलेला दिसला. “आणि सोंग ज्याचं त्यानं निवडायचं?”

“ज्याचं त्यानं.”

“म्हणजे या चौगुलेला नगराध्यक्ष होता आलं असतं?”

“तिथे गर्दी होती. अकरा जण इच्छुक होते.”

“डॉक्टर, वकील, मास्तर?”

“होता आलं असतं.”

“म्हणजे जगात वाटेल ते होता येत असताना हा माणूस उठून शेळीचोर झाला. फुकटात. स्वखुशीनं.” मगदूम पुढे झुकले. “संपादक, तुम्हीच सांगा. अशाला मी मुलगी द्यायची?”

अभिनंदनला मी मेळाव्यात दोनदा भेटलो होतो. उंच, शांत, ठोकळे रंगानुसार वेगळे ठेवणारा मुलगा. चोर का झाला, हे मी कधी विचारलं नव्हतं. चोर मिळाल्यापासून माझं पहिलं पान भरत होतं, आणि संपादकाला तेवढं पुरतं.

“तीनदा पकडला, मग तीनदा सुटला कसा?” मगदूमांची उलटतपासणी चालूच होती.

“सोडतात. गोष्ट पुढे न्यायची असते.”

“कुणाच्या हुकमानं?”

“तसा कुणाच्याच नाही. गावात कोर्ट नाही.”

नाझरसाहेबांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं, ते मुलीच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हाही उमटलं नव्हतं.

“पोलीस आहेत, कोठडी आहे, वर्तमानपत्रसुद्धा आहे,” ते म्हणाले, “आणि कोर्ट नाही?”

त्या आठवड्यात ठोकळगावला नवा रहिवासी आला. मगदूमांनी कोर्ट बांधायला घेतलं. शर्वरीचा फोन आला तेव्हा ती हसत होती की रडत होती, मला कळेना.

“माझे करडे ठोकळे सगळे संपवलेत आबांनी. तुरुंगाची भिंत पाडली माझ्या. म्हणतात, मेळाव्यात खटला चालवणार. निर्दोष सुटला तर लग्नाचं बोलू. दोषी ठरला, तर विषय बंद.”

“गमतीनं म्हणत असतील.”

“आबा? ते लुडो खेळतानाही पावती मागतात.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आणि अभि दोषी आहेच ना हो. मीच पकडलंय त्याला.”

ही तिची अडचण होती. लग्न व्हायला तो सुटायला हवा होता, आणि तिच्या तीन धडक कारवायांचा तिला अभिमान होता.

मेळावा मिरजेला एका वाचनालयाच्या सभागृहात होता. वर्षातून एकदा आम्ही आपापलं बांधकाम खोक्यांतून आणायचो आणि लांबलचक टेबलांवर अख्खं गाव एकत्र मांडायचो. रस्ते एकमेकांना जुळायचे नाहीत. नदी एका टेबलावर पूर्वेला वाहायची आणि पुढच्या टेबलावर पश्चिमेला. त्यावरून दुपारपर्यंत भांडणं चालायची. त्या वर्षी मात्र भांडण झालं नाही, कारण सगळे कोर्टाभोवती उभे होते.

कोर्ट देखणं होतं. खांब, पायऱ्या, कठडे, छताला पंखा. आणि मधोमध न्यायाधीशांची खुर्ची: तपकिरी, उंच पाठीची, लाल उशीची, पाठीवर चार सोनेरी खुंट्या. अंगठ्याएवढी होती, पण तिच्यासमोर बोलताना माणसं आवाज खाली आणत होती.

“खुर्ची सुंदर झालीय हो,” नगराध्यक्षा शेंडगेबाई म्हणाल्या. त्या खऱ्या आयुष्यात बँकेत होत्या.

“कोर्टाचं सामान नाझराच्या ताब्यात असतं,” मगदूम म्हणाले. “टेबलं, खुर्च्या, पंखे. माझ्या सबंध नोकरीत एक स्टूल हरवलं नाही.”

खटला सुरू झाला. मगदूमांनी न्यायाधीशाला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः त्याच्यामागे उभे राहिले. आरोपीच्या पिंजऱ्यात काळ्या पट्ट्यांचा बनियन घातलेला बोटभर चोर, मागे अभिनंदन. फौजदार शर्वरी पुराव्याचे फोटो मांडत होती.

“पहिला गुन्हा,” ती म्हणाली. “सराफाच्या दुकानातून सोन्याची पेटी. आरोपी मुद्देमालासह सापडला.”

मगदूमांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. “हा कुठे सापडला?”

“ठाण्याच्या आवारात.”

“दुसरा?”

“नगरपालिकेची घंटा. आरोपी घंटा खांद्यावर घेऊन उभा होता.”

“कुठे?”

शर्वरीनं फोटो पुढे सरकवला. “ठाण्यासमोरच्या दिव्याखाली.”

“आणि शेळी?”

“शेळीसह पळून जात असताना...”

“या फोटोत तो बसलाय.”

सगळे पुढे झाले. फोटोत चोर पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसला होता. शेजारी शेळी बसली होती. दोघंही कुणाची तरी वाट बघत असावेत, असे.

“आरोपी चौगुले,” मगदूम म्हणाले, “दर वेळी चोरी करून तुम्ही पोलीस ठाण्यावरच का जात होता?”

अभिनंदनचे कान लाल झाले. “फौजदारबाईंना शोधायला त्रास नको म्हणून.”

सभागृहात हशा पिकला. शर्वरी हसली नाही.

“शांतता!” मगदूमांनी टेबलावर बोट आपटलं आणि कोर्टाचा एक खांब पडला. तो लावून झाल्यावर ते म्हणाले, “चोर होण्याआधी गावात काय होता?”

“स्टेशनमास्तर.”

गर्दीतून नकळत हळहळ उमटली. अख्ख्या गावात बॅटरीवर चालणारी आगगाडी एकच होती, आणि ती स्टेशनमास्तराच्या हातात असे. त्या जागेसाठी लोकांनी एकमेकांशी अबोला धरला होता.

“ती जागा सोडली?”

“हो.”

“का?”

अभिनंदन खाली बघून बोलला. “गावात सगळे चांगलेच होते. अकरा जण नगराध्यक्ष व्हायला तयार, दोन डॉक्टर, एक कीर्तनकार. चोर व्हायला कुणी तयार नाही. फौजदारांनी एवढं सुंदर ठाणं बांधलं होतं. खिडक्यांना गज, भिंतीवर घड्याळ. तीन महिने त्या रोज लिहायच्या, आज गुन्हा नाही. मग एके दिवशी लिहिलं, उद्यापासून येणार नाही. म्हणून मी पेटी घेऊन गेलो.”

“चोरी करतानाचा एखादा फोटो आहे?”

“नाही. चोरी मी कधी बांधलीच नाही. चोरीचा माल हातात घेऊन उभा राहिलो, की पुरायचं.”

मगदूमांनी चष्मा काढला. त्यांना मुलगा आवडला होता, हे सगळ्यांना दिसत होतं. पण निकाल त्यांनी नियमानंच दिला.

“या गावाचा कायदा, बांधलं नाही ते झालं नाही. तिन्ही चोऱ्या बांधलेल्या नाहीत. सबब त्या झालेल्याच नाहीत. आरोपी निर्दोष.” टाळ्या थांबायची वाट न बघता ते पुढे म्हणाले, “चौगुले, येत्या रविवारी आईंना घेऊन घरी या.”

“थांबा,” शर्वरी म्हणाली.

तिनं आपली खाकी फौजदार टेबलावरून उचलली होती.

“म्हणजे मी एकही चोर पकडला नाही?”

“अगं, शर्वरी...” अभिनंदन म्हणाला.

“फौजदार म्हण. त्या घंटेच्या वेळी मी चार दिवस तपास केला होता. वाटेवर पावलांचे ठसे लावले होते मी, एकेक ठोकळा! आणि तू दिव्याखाली उभा.”

“तुझं ठाणं रिकामं होतं.”

“मग राहू द्यायचं रिकामं! मी काय बारकी पोर आहे? लपाछपीत काका मुद्दाम हरतात, तसा हरलास तू. तीनदा. आणि मी पेढे वाटले होते ऑफिसात!”

“खरंच वाटलेस?” शेंडगेबाई मध्येच म्हणाल्या.

“आबा, लग्नाचा विषय बंद,” शर्वरी म्हणाली. “आणि नगराध्यक्ष, हा माझा राजीनामा.” खाकी फौजदार तिनं शेंडगेबाईंच्या हातात दिली आणि ती जिना उतरून गेली.

मगदूम कोर्टामागे तसेच उभे होते. ज्या बाजूनं निकाल द्यावा ती बाजूच उठून जावी, असं त्यांच्या नोकरीत झालेलं नसावं. अभिनंदनकडे कुणाला बघवत नव्हतं. शेवटी शेंडगेबाईंनी चहा सांगितला. आम्ही सगळे खिडकीपाशी जाऊन, पाठ फिरवून, बिस्किटं बुडवत राहिलो. अशा वेळी माणसं जितकी बिस्किटं खातात, तितकी एरवी खात नाहीत.

सामान आवरताना मगदूमांचा आवाज आला. “खुर्ची कुठंय?”

न्यायाधीश जमिनीवर उभा होता. टेबलाखाली पाहिलं, खोकी उलटी केली, केरसुणीखालचा केर चाळला. अभिनंदन तोवर निघून गेला होता. खुर्ची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी समूहावर एक फोटो आला.

कोर्टाची मागची खिडकी. खिडकीतून काळ्या पट्ट्यांचा बनियन घातलेला चोर एक पाय बाहेर टाकून उतरतोय, पाठीवर लाल उशीची खुर्ची दोऱ्यानं बांधलेली. आणि मागे, जरा धूसर, आमच्या सगळ्यांच्या पाठी. माझा चौकटीचा शर्ट. मधोमध स्वतः मगदूम, हातात बिस्कीट. खाली एकच ओळ: ‘पोलिसांना जमलं तर बघावं.’

माझा फोन वाजला.

“मी याला निर्दोष सोडला!” मगदूम ओरडत होते. “निर्दोष! आणि दहा मिनिटांत यानं माझ्या कोर्टातली खुर्ची नेली! मी बिस्कीट खात असताना!”

“शर्वरी काय म्हणते?”

“सकाळपासून फोटो मोठा करून बघतेय.”

तेवढ्यात समूहावर तिची ओळ आली. ‘राजीनामा मागे. तपास सुरू.’

पुढच्या रविवारी मगदूम, शर्वरी आणि मी एसटीनं कराडला गेलो. झडतीला पंच लागतात, म्हणून मगदूमांनी मला घेतलं होतं. दुसरा पंच तिथेच मिळेल म्हणाले. झडती कायदेशीर नव्हती हे त्यांना ठाऊक होतं, पण बेकायदा झडतीसुद्धा रीतसर व्हावी अशी त्यांची इच्छा होती.

दार अभिनंदनच्या आईनं उघडलं. जरीकाठाचं लुगडं, केसांत गजरा. घरभर फोडणीचा वास होता. पाहुणे येणार एवढंच पोरानं त्यांना सांगितलेलं दिसत होतं.

“या, या. बसा. लांबनं आलायसा.”

“बसायला आलो नाही, बाई,” मगदूम म्हणाले. “आम्ही खुर्ची शोधायला आलोय.”

“अवो, हायती की खुर्च्या! अभ्या, आन रं आतनं.”

अभिनंदन दाराशी उभा होता. शर्वरीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि कपाट उघडलं.

तिची पद्धत बघण्यासारखी होती. आधी खोलीच्या मध्ये उभं राहून चारी भिंती बघितल्या. मग वरून खाली आली. घड्याळाची मागची बाजू, देवघराची फळी, शिवणयंत्राचा खण. तिथून स्वयंपाकघरात. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

अभिनंदनच्या आई माझ्याजवळ सरकल्या. “तुम्ही पोरीकडचं न्हवं? एक इचारू? आमच्या वेळंला पोरगी बघाया जायचं. आता पोरगी येऊन घर बघती व्हय?”

“काही ठिकाणी,” मी म्हणालो.

“ब्येस झालं. डबं बघाय लागली म्हंजे संसाराची हाय.” मग त्यांनी आवाज दिला, “त्यो वरचा डबा बी बघ गं बाई! परवाच घासलाय!”

वरच्या डब्यात मेथीदाण्याखाली काहीतरी लागलं. शर्वरीनं हात बाहेर काढला. तळहातावर खुर्ची होती.

अभिनंदनच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. शर्वरीचा चेहरा मात्र पडला. इतक्या सहज सापडली होती, की मला त्या मुलाची कीव आली. पुन्हा दिव्याखाली उभा राहिला, असं मला वाटलं, आणि तिलाही तेच वाटलेलं दिसलं.

“आबा, ओळखा,” ती कोरड्या आवाजात म्हणाली.

मगदूमांनी खुर्ची उजेडात धरली, उलटी केली, पाठ मोजली. “ही नव्हे.”

“काय?”

“रंग तोच, उंची तीच. पण माझ्या खुर्चीला चार खुंट्या होत्या. हिला तीनच. ही दिशाभूल आहे.”

शर्वरीनं सावकाश मान वळवून अभिनंदनकडे पाहिलं. आठवडाभरात पहिल्यांदाच.

“तू दुसरी खुर्ची बांधून मेथीत लपवलीस?”

“आरोपीला गप्प राहण्याचा अधिकार आहे,” अभिनंदन म्हणाला. “आहे ना, नाझरसाहेब?”

“आहे,” मगदूम नाइलाजानं म्हणाले.

त्यानंतरची झडती वेगळीच होती. शर्वरीनं गाद्या उलगडल्या, तुळशीची माती उकरली, अभिनंदनच्या ठोकळ्यांचे सगळे खण टेबलावर ओतले. एक खुर्ची पंख्याच्या पात्यावर सापडली. खुंट्या पाच. एक त्याच्या बुटात सापडली. उशी निळी. दर वेळी ती “हं!” करून पुढे जायची आणि तिच्या कपाळावरची आठी एकेक घडी उलगडायची. अभिनंदन भिंतीला टेकून उभा होता. त्यानं एकदाही डोळ्यानं, मानेनं, खाकरून काही सुचवलं नाही.

मगदूम दोनदा कळवळून म्हणाले, “अरे, निदान शाबूत आहे एवढं तरी सांग.”

“माहीत नाही, साहेब.”

आईंनी पोहे आणले. शर्वरीनं ताटलीतले पोहे आधी चमच्यानं उपसून बघितले, मग खाल्ले. दुपार कलली तेव्हा ती जमिनीवर बसली. हातांना माती, केसांत जाळी, पुढ्यात ओळीनं मांडलेल्या तीन खोट्या खुर्च्या.

“नाही सापडली,” ती म्हणाली.

मग ती हसायला लागली. अशी, की आई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या.

परतीच्या एसटीची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो होतो. मगदूम बोटांवर मोजत होते.

“मुद्देमाल नाही,” ते म्हणाले. “कबुली नाही. आणि तुला हसू कसलं येतंय?”

“आबा, हा खरा चोर आहे हो.”

“मग?”

“मग काही नाही. मला वाटलं होतं, नाहीये.”

त्यांनी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी फलाटावरचं वेळापत्रक वाचत होतो.

“उद्या त्याच्या आईंना फोन लावू,” मगदूम शेवटी म्हणाले. “खुर्ची मिळेपर्यंत हा माणूस आपल्या नजरेआड होता कामा नये.”

“आणि जन्मभर नाही मिळाली तर?”

त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला, परत लावला.

“तर जन्मभर,” ते म्हणाले. “तपास अर्धवट सोडायची आपल्या घरात पद्धत नाही.”